शेऱ्याचा रकाना

वाघोटणच्या खाडीकाठी, कालवांच्या संशोधन केंद्रात
जेवणाच्या डब्याएवढी एक पेटी आहे.
सेकंदाला दहा पॅकेटं सोडते
एकवीस गावांना, ज्यांतलं एकही मी पाहिलेलं नाही,
आणि ती पोचली का, कितव्या क्षणी पोचली,
एवढंच लिहून ठेवते.
पॅकेटांत मजकूर नसतो. फक्त निघाल्याची वेळ.

वेळ तिला उपग्रह सांगतो.
छपरावरच्या अँटेनावर कावळा बसला तरी ती चुकत नाही.
मी चुकते. गॅस, डबा, साडेनवाची एसटी.

दर रात्री बाराला सगळ्या नोंदी
सगळ्यांसाठी उघड्यावर ठेवायच्या, असा करार.
“उघड्यावर?” रेगे मॅडम म्हणाल्या.
“हातापाया पडून दहा गिगाबिटची लाइन मिळवली,
आता तिची गळती गावभर दाखवायची?
ते वाईट तास गाळ. सरासरी पाठव.”
सरासरी देखणी होती, दशांशापुढे दोन शून्यं.
मी मान हलवली
आणि फाइल होती तशीच पाठवली, भोकांसकट.
आमच्याकडे जाळं वाळत घालताना फाटकी बाजू वर ठेवतात,
विणणाऱ्याला दिसावी म्हणून.

पत्र शिलाँगहून आलं. इबान खारकोंगोर.
तुमची पॅकेटं दिवसातून दोनदा हरवतात, तिनं लिहिलं होतं,
आणि हरवायची वेळ रोज पन्नासेक मिनिटं पुढे सरकते.
आठवडाभर जास्त, आठवडाभर जवळजवळ नाहीच.
माणसाच्या कुठल्याच कामाचं असं वेळापत्रक नसतं.
तुमच्या तिथे काय आहे?

मी खिडकीबाहेर पाहिलं.
पाणी धक्क्याच्या वरच्या पायरीला लागलं होतं.

धाकू कोयंडे तर बांधत होता. त्याला विचारलं.
“आज तिथी खंयची?”
दशमी.
“तिथीक पाऊणकीन गुण. धा पाऊण साडेसात.
साडेसाताक भरती.”
पेटीतली नोंद सात एकेचाळीसची.
अकरा मिनिटं चुकलं, मी म्हटलं.
“अकरा मिन्टांनी होडी बुडणा नाय.”
आणि अष्टमीला का नाही हरवत?
“तेवा भांग. पाणी चडताच खंय?”
हे तुला शिकवलं कुणी?
“कोण शिकयतलो? सगळ्यांचाच ता.”

ओहोटीला आम्ही दोघं चिखलात उतरलो.
धक्क्याच्या तिसऱ्या खांबाला केबलच्या सांध्याचा डबा,
झाकणाचा एक स्क्रू कधीच गेलेला.
आत चमचाभर खारं पाणी
आणि करंगळीच्या नखाएवढी कुर्ली,
आमच्या दहा गिगाबिटवर नांगी उगारून.

डबा बदलला. रेघ सरळ झाली.
रेगे मॅडमनी ती छापून भिंतीला लावली.
इबानचं पुन्हा आलं, दोनच ओळींचं:
मी समुद्र पाहिलेला नाही. तीन महिने रोज सकाळी
चहाबरोबर तुमचा आलेख उघडत होते.
तिसरी ओळ तिनं लिहून खोडली असावी,
तेवढी मोकळी जागा होती.

मी जुन्या नोंदी पुसल्या नाहीत.
प्रत्येक भोकासमोर शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं:
भरती. कारण सांगितले धाकू कोयंडे, तरवाला.
रकान्याला अक्षरांची मर्यादा आहे हे नंतर कळलं.
एकशे ऐंशी ठिकाणी, एकवीस गावांत,
तो आता “धाकू कोयं” म्हणून उघड्यावर आहे.

त्याला फोनवर दाखवलं.
हातातली वल्ही खाली ठेवून त्यानं चष्मा पुसला,
बराच वेळ पाहिलं.
“अर्धो खंय गेलंय मी?”
पॅकेट हरवलं, मी म्हटलं.
“मगे बघ,” तो म्हणाला, “तिथी खंयची ती.”