ठेवलेली पेंढी

सारंगखेड्याच्या घोडेबाजारात नाताळ येतो
तो आम्हाला विचारून येत नाही.
गिऱ्हाईक मात्र विचारतं, कडबा ओला नाही ना?

चोवीस तारीख. नवापूरला मंडळी जमली असेल,
शमुवेलने चांदणी टांगली असेल,
तीच, तुटक्या वायरीची.
मी इथे सुट्टे मोजते.
प्रार्थना सुरू करते, नि मधेच
"मावशी, दोन पेंढ्या."
आमेन राहून जातं.

म्हणून सकाळीच एक पेंढी बाजूला ठेवली.
विकायची नाही. एवढंच जमलं.
दिवसभर तिच्याकडे लक्ष,
चुलीवरच्या दुधाकडे असतं तसं.

रात्री माल संपला.
पांढऱ्या घोडीवाला अडून बसला,
"ती कितलाले?"
"दिलेली आहे."
"कोणाले?"
मला एकदम नाव घेता येईना.
त्याने दुप्पट सांगितले, मग तिप्पट.
ट्रकचं भाडं आठवलं. तरी मान हलवली.

तापीवरून गार वारं सुटलं होतं.
पहाटे बघते तर
घोड्यांमागे राबणारं कुणाचं तरी पोर
पेंढी सोडून, पसरून,
गुडघे पोटाशी घेऊन तिच्यावर झोपलेलं.

कालचं आमेन तेव्हा म्हटलं.
हळूच.
घोडी जागीच होती.