रिकामा रकाना

उलानबातर, उणे एकतीस.
वाचनालयाच्या काचेवर कोळशाच्या धुराचा पिवळट लेप,
आत सारनचिमेग
एम.ए.च्या प्रबंधाचा तक्ता उघडून बसलेली:
आरोग्यसेवा, जिल्हावार.

'दवाखान्यापर्यंतचे सरासरी अंतर.'
सरासरी
कधी मोटरसायकलवर बसलेली नाही.

दोनशे अकराव्या ओळीत फेब्रुवारी कोरा.
"गाळून टाक," बाई म्हणाल्या,
"एका ओळीनं निष्कर्ष हलत नाही."
खरंच.
हलत नाही, तिनं करून पाहिलं.

पण ती ओळ तिच्या गावची.
फॉर्म भरायचा तो तिचा मामा,
औषधांची पेटी कॅरिअरला बांधून
त्या महिन्यात तो मेंढपाळांच्या तंबूंमागून तंबू हिंडत होता.
पेनातली शाई गोठली गं, फोनवर म्हणाला होता,
आणि खोकत खोकत हसला होता.
बर्गुटच्या सुनेचं मूल पायाळू निघालं.
जगलं.
आता कोकरांमागे पळतं.

सारनचिमेग ओळ गाळते.
पुन्हा घेते.
तळटीप नऊ: 'माहिती उपलब्ध नाही,
कारण'

कर्सर लुकलुकत राहतो.
'माहिती देणारा वाटेत होता.'

बाई हे खोडतील.
ती उठते,
थर्मासमधला मिठाचा चहा ओतते,
गार झालेला.