पाटीमागचं लाकूड

सोमवारी सकाळी मी पाटी काढली.
चार स्क्रू. तीन हातासरशी सुटले,
चौथा गंजून लाकडाशी एकजीव झालेला.
त्याला तेल पाजून अर्धा तास बसून राहिले
वाहनतळाच्या कठड्यावर, थर्मासमधली कॉफी पीत.

'उद्यानात शस्त्र आणण्यास मनाई आहे.'
एकोणीस वर्षं हे वाक्य
आयडाहोच्या हिमात आणि सुतारपक्ष्यांच्या चोचींत
उभं होतं.
कुणीतरी एकदा त्याच्यावर छर्रे झाडले होते:
नेमकी 'शस्त्र' या शब्दाला तीन भोकं.

राजधानीत म्हणे भाषणं झाली मध्यरात्रीपर्यंत,
पूर्वजांची नावं निघाली, मेलेल्या लेकरांची निघाली.
आमच्यापर्यंत पोचलं एक पत्र, दीड ओळीचं.
स्क्रूड्रायव्हर आमचाच.

पाटीमागचं लाकूड फिकट निघालं,
घड्याळ काढल्यावर मनगट दिसतं तसं.
आणि त्या फिकटपणाला चिकटून
आक्रोडाएवढं एक वटवाघूळ,
भर उजेडात बेघर.

नऊ वाजता ऑर्डेल प्रुइट आला, वय शहात्तर,
नव्या चामड्याच्या म्यानात जुनं रिव्हॉल्व्हर.
इतकी वर्षं ते माशांच्या टोपलीत असायचं,
ट्राउटखाली, ओल्या गवतात गुंडाळलेलं.
मला ठाऊक होतं. मला ठाऊक आहे हे त्याला ठाऊक होतं.
आज उघड्यावर पाहून
दोघंही उगाच ओशाळलो,
हवापाण्याचं बोललो.

मग मारिसेला, दवाखान्यातली रात्रपाळीची नर्स.
आठ वर्षांपूर्वी तिसऱ्या मैलावर
एक माणूस तिच्या मागे मागे चालत आला होता.
नुसता चालत. तिनं पळायला लागेपर्यंत.
तेव्हापासून ती आली नव्हती.
आज कमरेला काहीतरी छोटंसं लावून
तिसऱ्या मैलापर्यंत गेली, परत आली,
नळाखाली तोंड धुतलं
आणि खूप वेळ नळ बंद केला नाही.
हक्काचा शब्द तिनं काढला नाही,
मीही नाही.

दुपारी शाळेची सहल.
मुलं डबक्यातले बेडूकमासे मोजत होती,
त्यांच्या बाई येणाऱ्याजाणाऱ्यांच्या कमरा.
पुढच्या महिन्याचं आरक्षण त्यांनी रद्द केलं.
कारणाचा रकाना कोरा.

माझं म्हणाल तर माझ्याही कमरेला आहे,
सरकारी, रोज पुसलेलं.
एकोणीस वर्षांत एकदाच झाडलं:
ट्रकखाली आलेल्या हरणीसाठी,
आणि तेही दोनदा, कारण हात हलला.

सांजावताना लाकडी पुलावर ऑर्डेल,
समोरून एक अनोळखी तरुण, त्याच्याही कमरेला तेच.
पूल एका माणसाएवढा रुंद.
दोघं थांबले.
दोघांनी हात खिशातून काढले, दिसतील असे ठेवले.
'तुम्ही आधी.'
'नाही नाही, तुम्ही.'
इतकी सभ्यता त्या पुलावर मी कधी पाहिली नव्हती,
इतका गप्प ओढाही.
साप म्हणून भुई धोपटणारे पुष्कळ पाहिलेत;
इथे दोघंही भुई होते,
दोघंही काठी.

शेवटी त्या पोराचं कुत्रं,
कानात गोखरू अडकलेलं, पोटापर्यंत चिखल,
मधून बिनदिक्कत चालत गेलं
आणि ऑर्डेलची टोपली हुंगू लागलं.
टोपलीत आज मासे नव्हते. मागे टोपलीत जे असायचं
तेही नव्हतं.
म्हातारा हसला. मग तो पोरगा.
मी धरून ठेवलेला श्वास
कुणाच्या लक्षात आला नाही.

पाटी कचऱ्यात टाका, असं पत्रात होतं.
मी ती हत्यारांच्या खोलीमागे नेली,
म्हणजे फावडी, करवती, दोरखंड,
आणि भिंतीवर पालथी ठोकली,
बोटभर फट ठेवून. शब्द भिंतीकडे.

रात्री टॉर्च घेऊन पाहिलं.
फट रिकामी होती.
'शस्त्र'च्या तीन भोकांतून
थोडा थोडा वारा येत होता.
उद्या पुन्हा बघीन.