डाव्या बाजूची धग

मिल्ड्युरात जानेवारीत आकाश झाकणासारखं बसतं.
मळ्यातल्या जाळ्यांवर द्राक्षं सुकत पडलेली.
त्यांना हवी तेवढी धग देऊन झाली
की उरलेली पपांच्या गाडीत शिरते.

लाल, दोनच माणसांची, माझ्याहून नऊ वर्षांनी थोरली.
सहा सिलिंडरांचं लांबलचक इंजिन,
आणि धुराचा पाइप नेमका डाव्या सीटखालून नेलेला.
डावी सीट माझी.
सातव्या वर्षी माझ्या सँडलचा तळ पत्र्याला चिकटला.
एकोणिसाव्या वर्षी पर्समध्ये लिपस्टिकचं सूप झालं.
आणि एन्नियो पेट्रोच्ची, माझे वडील,
दर वेळी एवढंच म्हणायचे,
"स्पोर्ट्स कार आहे, लोरेदाना. पलंग नाही."
मग काच खाली.
वारा आत, बोलणं बाहेर.

यंदा, एकाहत्तराव्या वर्षी, त्यांनी आपण होऊन
डावीकडचा गालिचा उपटला.

रात्री बॉनेटखाली दिवा ठेवला,
शेडचं दार ओढून घेतलं,
आणि आम्ही दोघं आत, काळोखात, गुडघ्याला गुडघा लावून.
"मोज," म्हणाले.
पत्र्यातून उजेड टोचत होता.
क्लचच्या केबलभोवती नखाएवढी कोर,
वायरींच्या जुडग्यापाशी दोन,
एक भोक कुठल्याशा रेडिओच्या स्क्रूचं,
जो रेडिओ मी कधी ऐकलाच नाही.
"सव्वीस," मी म्हणाले. "उजवीकडे आणखी सात."
"तिकडची राहू देत."
जरा थांबून म्हणाले, "मला अकरा दिसतात."
मला वाटलं, थट्टा करतायत.

मग रबरी बुचं, लाल सीलंट,
पोटाला चांदी लावलेली जाड चादर.
पाइपला गुंडाळायची पट्टी बादलीत भिजवून
मी पिळत गेले, ते ताणत गेले.
पहिल्यांदा इंजिन सुरू केलं तेव्हा ती अशी धुमसली
की शेजारची मिसेस हॅलोरन नळी घेऊन धावत आली.

आणि एवढं करूनही झळ तीच.
तीन दिवस पपा गाडीशी बोलले नाहीत.

चौथ्या दिवशी मी डॅशखाली उताणी पडले,
हात घातला, हात पोळला.
हीटरची तोटी! अर्धवट उघडी, गंजून घट्ट बसलेली,
कुठल्याशा जुलैत, कुणाला तरी थंडी वाजली म्हणून
सोडलेली असणार.
आई मेलबर्नला निघून गेली तोही जुलैच.
मी पकडीने तोटी फिरवली. पपांना म्हणाले, "सापडलं."
कुणी उघडली, ते त्यांनीही विचारलं नाही.

संध्याकाळी वेंटवर्थच्या रस्त्याला लागलो.
काचा वर. पहिल्यांदाच.
इतकं शांत की डॅशवरचं घड्याळ ऐकू येत होतं,
आणि ते चालू आहे हेच मला ठाऊक नव्हतं.
आता काहीतरी बोलायला हवं होतं.

"मार्चमध्ये लायसन्स जाईल," ते म्हणाले.
"माणसाकडे पाहिलं की कान दिसतात, चेहरा नाही."
किमती सांगाव्यात तशा आवाजात.

अकरा. सव्वीस.

दोन नद्या मिळतात तिथे त्यांनी गाडी थांबवली,
उतरले, बॉनेटवर हात टेकत टेकत वळसा घेतला,
माझं दार उघडून उभे राहिले.
मी उठले.
ते बसले, माझ्या जुन्या चटक्यांवर पाय ठेवले, अंदाज घेतला.
"बघू," म्हणाले, "झालाय का पलंग."

मी उजवीकडे शिरले. सीट पुढे ओढली.
पहिला गिअर, दुसरा, तिसरा,
आणि पुलापर्यंत पोचता पोचता
ॲक्सिलरेटरपाशी माझी टाच भाजायला लागली.
इथला पत्रा डावीकडच्याहून तापलेला.

चाळीस वर्षं.
मी बाजूला पाहिलं.
त्यांनी डोळे मिटले होते.
मी टाच थोडी उचलून धरली
आणि गाडी चालवत राहिले.