कंबर सोडवताना

अल ऐनमध्ये, टायरच्या दुकानावरच्या मजल्यावर,
मंगळवारी आणि गुरुवारी, साडेआठ ते दहा,
फक्त बायकांसाठी.
काचांना आतून खाकी कागद.
खाली कुणीतरी मशीन लावून चाकाचे नट सोडवत असतं,
वर आम्ही एकमेकींच्या खालून
स्वतःला.

पहिल्या दिवशी पांढरा पट्टा आवळला
तेव्हा वाटलं, कंबर कसणं म्हणतात ते हेच, झालं की.
कसणं सोपं निघालं.

रोझांजेला मॅटच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत
आम्हाला पाठीवर सरकायला लावते.
एका कुशीवर वळ. टाच ढुंगणाजवळ रोव.
कंबर मागे फेक, हात पायांकडे ने.
पुन्हा. दुसऱ्या कुशीवर. पुन्हा.
ती याला म्हणते कामारांव,
मेरिसेल म्हणते हिपोन,
शमसा म्हणते रुबियान,
आणि मी, छताकडे बघत, मनातल्या मनात:
कोळंबी.

हर्णैला आई सोलायची, दिवसाला दोन पाट्या.
मुंडकं पिरगाळून, पाठीतला काळा दोरा ओढून.
एखादी जिवंत असली तर टणकन उडायची,
मागच्या मागे, पाटीबाहेर, वाळूत.
आई म्हणायची, ही कधी समोर पळत नाही बघ.
मग उचलून परत टाकायची.
समुद्रापासून दीड तासावर, वाळवंटात,
आठ बायका घामाने निथळत
तेच करतायत.

शमसा भूगोल शिकवते. ब्याण्णव किलो.
माझ्या छातीवर बसते तेव्हा
तिच्या मानेजवळचा ऊद आणि माझा श्वास
दोन्ही एकाच वेळी संपत येतात.
मी दोन्ही हातांनी ढकलते तिला,
कपाट ढकलावं तसं, सरळ हातांनी.
सरळ हात तिला आवडतात.
कोपर उलटं वळायच्या आत मी दोनदा थाप मारते.

रोझांजेला उकिडवी बसते माझ्या कानाशी.
तिला कशाला हलवतेस? ती जबल हफीत आहे.
तू हल.

अंग चोरणं मला शिकवायला नको.
दापोलीच्या वडापमध्ये, बोनेटच्या गरम पत्र्याशेजारी,
लॅबमध्ये, साहेब मागून जाताना,
इथल्या खोलीत, तीन पलंगांच्या मधल्या वितभर जागेत,
जन्मभर चोरत आले.
फक्त चोरलेलं अंग न्यायचं कुठे
हे कुणी बोललं नव्हतं.

मग एका गुरुवारी, का कोण जाणे,
कोपर तिच्या कमरेच्या हाडाशी टेकवलं आणि ढकललंच नाही.
तिथेच ठेवलं, टेकू दिल्यासारखं.
कुशीवर वळले. टाच. कंबर मागे.
चार बोटं जागा झाली.
चार बोटांत गुडघा शिरला.
एवढंच.
शमसा हसली, म्हणाली, माशाल्ला,
आणि दुसऱ्या बाजूने येऊन
पुन्हा बसली छातीवर.

साडेदहाला रस्त्यावर अजून अडतीस अंश.
घोट्याची सालटी निघालेली, चपलेचा पट्टा नेमका तिथेच.

खोलीत जिन्सी झोपलीय, एसी ठिबकतोय डब्यात.
फोनवर भावाचा आवाज, एक मिनिट बावन्न सेकंद:
नव्या होडीला जामीन तूच राहा ताई,
कागद पाठवलेत, सही कर,
दुसरं कोण आहे आपलं.
दोनदा ऐकला.

उत्तर दिलेलं नाही अजून.
भिंतीच्या कुशीवर वळलेय.
टाच गादीत रोवलीय.