धूम्रपान : नाही

फॉर्म मुंबईहून छापून आले होते.
रकाना सहावा : धूम्रपान. हो किंवा नाही.
मिरजेहून जीप निघाली तेव्हा असे तीनशे फॉर्म
माझ्या मांडीवर होते, आणि सत्ताविसाव्या वर्षाला शोभेल
एवढी खात्री.

आरळ्याच्या पुढं, वारणेच्या अंगाला,
शाळेच्या खोलीत आम्ही यंत्र मांडलं.
दिलावरनं जीपच्या बॅटरीवरून वायर ओढली.
पुरुष आले, बिड्यांचा हिशेब देऊन गेले;
काहींनी बायकोकडं बघत निम्माच दिला.
मग बायका आल्या,
दारातच थांबल्या, चौकटीला हात टेकून,
"चढ हाय ना," म्हणाल्या.
चढ नव्हता. शाळा सपाटीवर होती.

नाही. नाही. नाही. नाही.
सहावा रकाना असा भरत गेला,
आणि कागदावर उमटणारी रेघ
प्रत्येकीची मध्येच खचलेली,
ओढ्यानं खालून पोखरलेल्या बांधासारखी.

बयाक्का, नंबर एकशे सतरा.
"भूकंप झाला तवा थोरला रांगत हुता."
म्हणजे पंचेचाळीस. दिसत होती साठीची.
मी म्हणाले, पोटभर श्वास घ्या, नळीवर ओठ घट्ट मिटा,
आता फुंका. थांबू नका. फुंका, फुंका, फुंका –
नळी तोंडातून काढून ती हसायलाच लागली,
हसता हसता खोकली,
खोकून झाल्यावर म्हणाली,
"आठव्या वर्सापासनं दुसरं काय केलंय, बाय?"

पहिल्या सेकंदातली हवा :
शून्य पूर्णांक ब्याऐंशी लिटर.
तांब्याभरसुद्धा नाही.

त्या रात्री मुक्कामाला, कंदिलाशी,
उरलेल्या फॉर्मांवर मी सातवा रकाना आखला, पेन्सिलनं.
चूल. किती वर्षं. रोज किती तास. खोलीला खिडकी?
त्याला कारकीर्द म्हणायचं हे पुढं इतरांनी ठरवलं.
मला आठवते ती पट्टी,
शाळेतल्याच कुणा पोराची,
चौदा सेंटिमीटरला तुटलेली.

पहिला निबंध परत आला. परीक्षकाचा शेरा :
या स्त्रिया चोरून ओढत नसतील कशावरून?
सर म्हणाले, मगदूमबाई, धुरावर औषध नसतं,
इनहेलर लिहा आणि मोकळ्या व्हा.

मोकळी काही झाले नाही.
सांगलीत हळदीच्या पेठेतले हमाल तपासले,
ज्यांनी रुमाल झटकला की माझी वही पिवळी व्हायची.
एरंडोलीला गुऱ्हाळावर जाळ घालणारा शिदू म्हणाला,
"धूर सोसंल वो. धूर बंद झाला की पगार बंद,
त्याला मशीन हाय का?"
त्याला रकाना नव्हता. आजही नाही.

आणि रोज सकाळी, पहिला पेशंट येण्याआधी,
तीन लिटरच्या सिरिंजनं यंत्राला विचारायचं :
तू तरी खरं बोलतोस ना?
तेहतीस वर्षं. यंत्रं चार बदलली.

मग गॅस आला. आम्ही पुन्हा आरळ्याच्या पुढं गेलो.
शेगडीवर क्रोशाचा रुमाल, वर हळदीकुंकवाचं बोट.
चहा तिच्यावर झाला, पाहुण्यांचा.
भाकरी मागच्या पडवीत, चुलीवरच,
"टाकी भरायला तालुक्याला जावं लागतं," सून म्हणाली,
मग जरा थांबून, "आणि पापुद्रा बी येत न्हाई."
दोन्ही कारणं लिहून घेतली.

नंबर एकशे सतराचं पान तिथंच बंद झालं.
निघताना सुनेनं भिंतीवरच्या खुंटीची फुंकणी काढून दिली.
"सासूबाईंनी ठिवलीया. म्हणायच्या,
फुंका म्हणणारी डाक्टरीन ईल परत."

लोखंडाची, हातभर.
एक तोंड काळं. दुसरं ओठांनी घासून घासून
चांदीसारखं झालेलं.

ती माझ्या टेबलावर असते, सिरिंजच्या शेजारी.
परवा निरोपाच्या दिवशी नवा मुलगा, रेसिडेंट,
उचलून, डोळ्याला लावून,
आरपार बघत म्हणाला,
मॅडम, ही पण कॅलिब्रेशनचीच का?

हो म्हणाले.
फारसं खोटं नव्हतं ते.