हिरव्याखाली

कलोकोलच्या बर्फघरात तिसरी सकाळ.
चावी फिरवली की नुसतं
टक्.
मग सरोवरावरचा वारा छपराचा पत्रा हलवतो,
तेवढाच आवाज.

पहिल्या दिवशी सगळे म्हणाले, बॅटरी.
नवी बॅटरी लोडवारहून आली मोटारसायकलच्या मागे,
तान्ह्या बाळासारखी पोत्यात गुंडाळून.
टक्.
दुसऱ्या दिवशी सगळे म्हणाले, स्टार्टर.
एसेकोननं तो उतरवला, उघडला,
कार्बनची काळी पूड फुंकली, परत बसवला.
टक्.

आज त्यानं काहीच उघडलं नाही.
मीटर माझ्या हातात दिला
आणि पालथ्या डब्यावर बसून राहिला,
भिंतीवरच्या फोटोकडे तोंड करून.
"अपुआ, तू विचार. मला हल्ली कमी ऐकू येतं."

बॅटरीच्या दोन खुंट्यांवर : बारा पूर्णांक सहा.
नाकेनीनं चावी धरून ठेवली : बारा पूर्णांक चार.
म्हणजे ही दमलेली नाही.
हिच्यापर्यंत ओझंच पोचत नाहीये.

स्टार्टरचा बोल्ट आणि स्टार्टरचं अंग.
"चावी!"
सात.
पाचेक व्होल्ट वाटेतच कुणीतरी गिळले.
पाणी कुठंतरी मुरत होतं,
या कोरड्याठाक गावातसुद्धा.

लाल तार, टोकापासून टोकापर्यंत : शून्य पूर्णांक दोन.
तिच्यात खोट नाही.
उरली काळी.
तीन दिवसांत तिच्याकडे कुणी बघितलं नव्हतं.
ती काही आणत नाही ना,
नुसती परत जाते.
मीटरचं एक टोक ऋण खुंटीवर,
दुसरं इंजिनाच्या उघड्या बोल्टावर दाबलं.
"चावी!"
पाच पूर्णांक दोन.
मी बोटांवर बेरीज केली. जुळली.

सतराचा पाना. पट्टा सुटला.
वॉशरखाली हिरवा,
गुळगुळीत, पोपटी हिरवा रंग.
जूनमध्ये देणगीवाले पाहुणे यायचे होते,
इंजिनाला नटवायचं ठरलं होतं.
पट्टा सोडला, रंग दिला, पट्टा वरून आवळला.
चार महिने आट्यांमधून कसाबसा
प्रवाह सरपटत गेला असेल,
मग आट्याही गंजल्या.

ब्रश माझ्या हातात होता.

मी काही बोलले नाही.
एसेकोननंही विचारलं नाही, फक्त कानस पुढे केली.
हिरव्याखाली करडा, करड्याखाली
बिडाचं लोखंड, उघडंवाघडं,
नाण्याएवढं, डोळ्यांत भरणारं.
पट्टा बसवला. वरून ग्रीस.

नाकेनीनं चावी फिरवली.
टक् झालंच नाही.
घरघर, खोकला, काळा लोट,
आणि पायाखालची फरशी थरथरायला लागली.

एबेईची चार खोकी मात्र गेली.
टिलापियाचे डोळे दुधाळ झाले होते,
करकोचे दाराशी येऊन थांबले होते,
आणि एबेई इंजिनाकडे न बघता
खोकी उचलत होता.

मी भिंतीवरचा फोटो काढायला गेले :
हिरवंगार इंजिन, शेजारी मी, ब्रशसकट हसणारी.
"राहू दे," एसेकोन ओरडला,
इंजिनाच्या वर आवाज चढवून,
"पट्ट्याचा बोल्ट दिसतो त्यात. नीट बघ.
मी सकाळपासून तेच बघत होतो."